देवचार रक्त पीत नाही

आमच्या घरात भुतं दुपारी चारला यायची. त्याआधी त्यांना सवड नसे. बाबा एक वाजेपर्यंत दवाखान्यात औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवत असत. मग घरी येऊन बांगड्याचं तिखलं आणि भात जेवत, सोलकढीची वाटी तोंडाला लावून रिकामी करत आणि मागच्या पडवीत चटईवर आडवे होत. चारला उठले की तोंडावर पाणी मारून, चहा पिऊन ते पाटावर वही ठेवून बसत आणि सहापर्यंत कुणाला तरी मारून टाकत. आईचा आडाळ्यावर नारळ किसण्याचा खरखर आवाज, माडावरून एखादी सुकी झावळ धपकन पडल्याचा आवाज आणि बाबांच्या टाकाची कुरकुर एवढ्यावर माझ्या लहानपणीच्या दुपारी उभ्या आहेत. भीती म्हणाल तर त्या दुपारींमध्ये अजिबात नव्हती. भुताच्या गोष्टी ज्या घरात तयार होतात तिथे भीती सगळ्यात कमी असते, जशी हलवायाच्या घरात मिठाईची हाव नसते.

बाबा आचऱ्यातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. गाव त्यांना कंपाउंडर म्हणे आणि ते स्वतःला लेखक समजत. दोन्ही कामांत मिश्रणं करायची असत, आणि खरं सांगायचं तर दवाखान्यातली मिश्रणं जास्त प्रामाणिक होती. मुंबईहून निघणाऱ्या एका गूढकथांच्या मासिकात त्यांच्या कथा छापून येत. त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर दर महिन्याला तीच बाई किंचाळत असे, फक्त तिच्या साडीचा रंग बदले. बाबांचं अक्षर असं की डॉक्टरांना स्वतःचं अक्षर त्यापुढे सुंदर वाटे. संपादकांनी दोनदा हस्तलिखित परत पाठवलं, तेव्हा बाबांनी माझी वही उघडून पाहिली आणि म्हणाले, "वसू, तुझं अक्षर छापल्यासारखं आहे." सातवीपासून मी त्यांची लेखनिक झाले. कौतुकाचा तो त्यांनी मला दिलेला पहिला शब्द आणि तोही त्यांच्या सोयीचा होता.

भुतांचा माल मात्र आईचा. ती आतल्या बाजूच्या गावची, शेतकऱ्याची मुलगी. भाताची खळी, काजूची बाग आणि कुठल्या वाटेवर काय असतं हे तिला सारखंच पाठ. आमच्याकडच्या भुतांना शिस्त होती. गिऱ्हा पाण्यातला, तो होडीवाल्याचे पाय ओढणार, पण किनाऱ्यावर पाऊल टाकणार नाही. चकवा वाटेवरचा, तो माणसाला गोल फिरवून दमवणार, मारणार नाही. मुंजा पिंपळावरचा. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. तिची पाठ पोकळ आणि पावलं उलटी. देवचार सगळ्यांत मानाचा. तो गावाची हद्द राखतो, हातात काठी, खांद्यावर घोंगडी, आणि त्याला नारळ-विडी दिली की खूश. प्रत्येकाची जागा, खाणं आणि काम ठरलेलं. सरकारी कचेरीत मी पुढे तीस वर्षं काढली, पण कामाची इतकी चोख वाटणी मला तिथे दिसली नाही.

बाबांनी ही शिस्त मोडली. दोष त्यांचा एकट्याचा नव्हे. संपादक पत्रातून मागण्या करत: रक्त हवं, दात हवेत, वटवाघूळ चालेल. कुठल्यातरी परदेशी कथेत रक्त पिणारा उमराव होता. त्याचा डगला काढून बाबांनी त्याला घोंगडी पांघरली आणि नाव दिलं देवचार. मी ती कथा उतरवताना मोठ्यानं वाचत होते. आईनं किसणं थांबवलं.

"देवचार रगात पिता?" ती म्हणाली. "खुळे की काय तुमी? तो विडी ओढता."

"अगं, ही कथा आहे. वाचकाला धक्का हवा असतो," बाबा म्हणाले. लेखनाविषयी बोलताना ते नेहमी पुस्तकी बोलत.

"मगे धक्को देवा. देवचाराचां नाव कित्याक? तो काय तुमच्या वाटेक गेल्लो?"

बाबा हसले. नंतर त्यांनी चंद्र पाहून लांडगा होणारा माणूस आचऱ्याच्या खाडीकाठी आणला. खाडीकाठी त्या काळी कोल्हा दिसला तरी लोक चर्चा करत; लांडगा कुणी पाहिलाच नव्हता. पुढे गिऱ्हा पाण्यातून निघून माडावर चढला. "पाण्यातलो तो. माडार चढवलास तर तो गिऱ्हो कसो?" आईनं विचारलं. बाबांनी पान उलटलं. मुंज्याला लग्न करायची इच्छा होती एवढीच आईकडची गोष्ट. बाबांच्या मुंज्यानं तीन शहरी मुलींचे गळे दाबले. एकदा तर संपादकांना आभाळातून उतरणारं काहीतरी हवं होतं, तेव्हा त्याच देवचाराला हिरवी कातडी चढवून बाबांनी त्याला तबकडीतून उतरवलं. काठी त्याच्या हातात तशीच राहिली होती, कारण मी ती खोडायला विसरले. कुणाच्या लक्षात आलं नाही. वाचकांनाही दात आणि किंकाळी एवढंच लागायचं.

हे मी आजही पाहते. माझी भाची संध्याकाळी मालिका लावते, त्यात हडळ नागीण होते, नागीण सूनबाई होते आणि सूनबाईच्या अंगात पुन्हा कोण्या उमरावाचा आत्मा येतो. भाची म्हणते, "मावशी, किती नवीन कल्पना आहे." आमच्या पडवीत हे सगळं एका चहाच्या कपात उरकायचं.

तर अशा घरात मी वाढले आणि मला वाटायचं की मी या सगळ्याच्या वर आहे. मी बाबांना हसत असे, संपादकांना हसत असे, आणि अक्षर सुंदर काढून ते सगळं पोस्टात टाकत असे. हळूहळू मी वाक्यंही दुरुस्त करू लागले. एक विशेषण काढायचं, एक घालायचं. बाबांनी ते पाहिलं आणि चालू दिलं.

आमच्या दारावर मासे घेऊन पारूकाकी यायची. ती समुद्राकडच्या वाडीतली; नवरा लवकर वारला होता आणि एकच मुलगी, सुलोचना. सगळे तिला सुलू म्हणत. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. ओहोटीला खाडीत तिसऱ्या वेचायला तिनं मला शिकवलं. पायाच्या अंगठ्यानं चिखल दाबायचा आणि शिंपली टोचली की वाकायचं. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती. हसताना इतर मुली तोंडावर हात धरत, ही मान मागे टाकून हसे आणि शेवटी श्वास आत घेताना तिच्या नाकातून एक बारीक शीळ वाजे. ती शीळ ऐकली की आईसुद्धा चुलीपाशी हसू लागे. सुलूचं लग्न देवबागला झालं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि दिवस भरल्यावर अडली. सकाळची एसटी गेलेली, त्यामुळे तिला होडीत घालून खाडीपलीकडे न्यायचं ठरलं. पलीकडून मालवणला जायला गाडी मिळाली असती. डॉक्टरांनी आपल्याबरोबर बाबांना घेतलं. मूल होडीतच झालं. होडी काठाला लागेपर्यंत सुलू गेली होती. दुपारी बाबा घरी आले तेव्हा त्यांचे कपडे गुडघ्यापर्यंत ओले होते. त्यांनी आईला सगळं सांगितलं आणि जेवले नाहीत. त्या दिवशी चारलाही ते वही घेऊन बसले नाहीत, हे मला त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

मूल जगलं. मुलगी होती. सुलूच्या नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, म्हणून पारूकाकीनं नातीला आपल्याकडे आणलं. तिचं नाव तिनं छबू ठेवलं. मासे विकायला येताना ती छबूला कडेवर घेई आणि डोक्यावर टोपली. आमच्या दाराशी टोपली उतरवली की छबूला पायरीवर बसवी. आई तिच्या हातात घावण्याचा तुकडा देई. ती चालायला लागली तेव्हा तिनं पहिला फेरा आमच्याच अंगणात मारला.

त्याच सुमारास संपादकांचं पत्र आलं. दिवाळी अंक होता. बाईचं भूत हवं, तरुण हवं, देखणं हवं, आणि "आपल्या भागाचा अस्सल रंग" हवा. बाबांनी चार दिवस कागद फाडले. त्यांना बाई लिहिता येत नसे. त्यांच्या बायकांना केस आणि डोळे यांपलीकडे अवयव नव्हते. शेवटी त्यांनी अळवंतीण घेतली, तिला होडीत मारली आणि भर दुपारी खाडीवर उभी केली. होडी कुठून आली ते मला लगेच कळलं. मी गप्प बसले. एवढंच नव्हे, उतरवताना मला ती कथा कोरडी वाटली. मी तिच्या तोंडात फटीचे दात घातले. मान मागे टाकून हसणं घातलं. श्वास आत घेतानाची शीळ घातली, आणि लिहिलं की ती शीळ ऐकू आली की होडीवाल्यानं समजावं, आता आपण काठाला लागत नाही. मग ती पाठ वळवते आणि पाठीच्या जागी नुसता काळा खळगा असतो. बाबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान." मला किती आनंद झाला हे सांगायला मला या वयातही लाज वाटते. पण तो झाला. मी सोळा वर्षांची होते आणि मला कुणीतरी लेखक मानलं होतं.

अंक आला. गावात त्याच्या दोन प्रती. एक आमची आणि एक न्हाव्याच्या दुकानात. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून कथा वाचून दाखवी, आणि साबण सुकेपर्यंत वाचत राही. आठवड्यात वाडीवर बातमी पोचली. पहिल्यांदा एक होडीवाला म्हणाला की दुपारी त्यानं शीळ ऐकली. मग दुसऱ्यानं दात पाहिले. दिवाळी सरली तोवर भर दुपारी खाडीवर होडी घालायला कुणी तयार होईना. हीच माणसं सुलूला मातीआड करून आली होती आणि दीड वर्ष तिच्याविषयी हळहळत होती. छापलेलं वाचल्यावर त्यांना ती दिसू लागली. मग नजर छबूकडे गेली. अळवंतीण आपल्या पोरासाठी परत येते, हे सगळ्यांना आईइतकंच ठाऊक होतं. बायका आपली मुलं छबूजवळून उचलून नेऊ लागल्या. विहिरीवर पारूकाकीचा घडा शेवटचा भरायचा, असं कुणी न ठरवता ठरलं. गावाच्या मानकऱ्यांनी देवाला कौल लावायचं ठरवलं. कौल मिळाला तर अळवंतिणीला अडवायला खाडीच्या उतारावर आणि पारूकाकीच्या उंबऱ्यात खिळे ठोकायचे होते.

ती सकाळी दहाच्या सुमारास आमच्याकडे आली. टोपलीत सौंदाळे होते, पण तिनं टोपली उतरवून झाकूनच ठेवली. छबू कडेवर. आई स्वयंपाकघरात कुळथाच्या पिठीला फोडणी देत होती. पारूकाकी थेट आत आली आणि जमिनीवर बसली. मला म्हणाली, "वसू गो, सुलूचां काय लिवलेला आसा तां माका वाचून दाखय. सगळो गाव सांगता. माका कोण वाचून दाखवणा नाय."

मी आईकडे पाहिलं. आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "वाच."

मी अंक आणला आणि वाचू लागले. सुरुवातीचं खाडीचं वर्णन सावकाश वाचलं, जितकं लांबवता येईल तितकं. सुलूचा भाग जवळ आला तेव्हा मी दोन पानं एकदम उलटली आणि पुढचं वाक्य पकडलं.

"माका वाचूक येणा नाय," पारूकाकी म्हणाली, "पण तू दोन पानां परतलंस तां माका दिसता. मागे ये."

मी मागे गेले आणि सगळं वाचलं. माझीच वाक्यं. दात, हसणं, शीळ. स्वयंपाकघरात फोडणीचा वास होता आणि छबू माझ्या पायाशी बसून पानांची सळसळ ऐकून हसत होती. तिच्याही वरच्या दोन दातांत फट होती. पाठीचं वाचून झालं तेव्हा मी थांबले. पारूकाकी रडली नाही.

"दात तिचे," ती म्हणाली. "हसणां तिचां. शीळ तिचीच. पाठ खंयसून हाडलास? तिका शेवटची आंघोळ मी घातलंय. पाठ माझ्या हातान धुयलंय. मधी पोकळ नव्हती ती. वल्ह्याच्या लाकडार टेकान बसलेली म्हणान वळ उठलेलो, तेवढोच."

बाबा त्या दिवशी घरीच होते. डॉक्टर ओरोसला गेलेले. ते दारात येऊन उभे होते. पारूकाकीनं त्यांना पाहिलं.

"कंपाउंडर, तुमी होडीत होतास. तुमी बघितलास. गावाक सांगा, ह्यां खोटां आसा."

बाबांनी घसा साफ केला. "हे पाहा, ही काल्पनिक कथा आहे. अंकाच्या पहिल्या पानावर तसं छापलेलंही आहे."

"तां तुमी माका सांगतास. माका म्हायत आसा. परवा देवळात सगळे येतले, थंय सांगा."

"बघतो," बाबा म्हणाले.

ती उठली. टोपली डोक्यावर घेतली, छबूला उचललं. आईनं मासे घ्यायला ताट पुढे केलं तर ती म्हणाली, "आज नको, वयनी." हे 'आज' आमच्या घरी पुढे कधी संपलं नाही. ती गेल्यावर आई बाबांना म्हणाली, "सांगा जावन. एक वाक्य तर सांगूचा आसा." बाबा पडवीत जाऊन बसले. मी त्यांच्या मागे गेले. मला वाटलं होतं ते खचले असतील. ते म्हणाले, "लोकांना ती दिसतेय, वसू. छापलेल्या गोष्टीवरून. कळतंय का तुला याचा अर्थ? भल्याभल्यांना हे जमलेलं नाही."

माणसाचा तिरस्कार करायला एक क्षण पुरतो, हे मला त्या पडवीत कळलं. पण मी इथे स्वतःला सोडवणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी ओळखला, कारण तो काही महिन्यांपूर्वी माझ्या तोंडावर होता.

देवळात कौलाच्या सकाळी बाबा दवाखान्यात गेले. त्या दिवशी फार रुग्ण आहेत, असं म्हणाले. रुग्ण बहुतेक सगळे देवळातच होते. मी आईला सांगितलं की मी जाते. तिनं माझी वेणी पुन्हा घातली आणि माझ्याबरोबर आली. पुरुष सभामंडपात, बायका बाहेर माडाखाली. पारूकाकी सगळ्यांपासून थोडी दूर उभी होती, छबूला घेऊन. गाऱ्हाणं घालणारे तातू मानकरी होते. सत्तरीचे, धिम्या आवाजाचे, गावात सगळे त्यांना मानत. मी पायरीजवळ गेले आणि म्हणाले की मला बोलायचं आहे. मुलीनं तिथे बोलायची रीत नव्हती. तातू म्हणाले, "बोल."

मी सांगितलं. ती कथा बाबांची आहे, पण दात आणि हसणं आणि शीळ मी घातली आहे. सुलू मला आवडायची म्हणून मला ते आठवत होतं. पाठीचा खळगा जुन्या गोष्टींमधला आहे, होडीवाल्याला बुडवणं गिऱ्ह्याचं आहे, शीळ ऐकून मरण येणं हे कुठल्या इंग्रजी गोष्टीतलं बाबांनी कधीतरी सांगितलं होतं. चार भुतांचे तुकडे जोडून मी ते केलं आहे. यातलं सुलूचं फक्त हसणं आहे आणि त्याला कुणी घाबरण्यासारखं काही नाही. मी सगळं सांगितलं, आणि मला वाटलं, झालं.

तातू मानकऱ्यांनी शांतपणे ऐकलं. मग ते लोकांकडे वळले. "चेडू खोटां बोलणा नाय," ते म्हणाले. "लिवल्यान तां तिनाच. पण सोळा वर्षांच्या चेडवाक ह्यां सुचला कसां? कोणी सांगल्यान तिका? आपलो दात, आपलां हसणां, आपली होडी कोण सांगतला? तिनाच येवन लिवन घेतल्यान."

सभामंडपात एक मोठा निःश्वास उमटला. लोकांचं समाधान झालं होतं. मी पुन्हा म्हणाले, "नाही, तसं नाही, मीच," पण माझ्या प्रत्येक 'मीच'नं त्यांची खात्री वाढत होती. तातू मानकरी बाबांपेक्षा फार वरच्या दर्जाचा लेखक होता, एवढं श्रेय मी त्याला देईन. अळवंतीण आजवर पाठ दाखवत होती, त्यानं तिच्या हातात टाक दिला, तोही एका वाक्यात, आणि सगळ्या गावानं तो मान्य केला. देवाचा कौल उजवा पडला. मी वळून पाहिलं तेव्हा पारूकाकीनं छबूला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती वाडीच्या वाटेला लागली.

खिळे त्याच दुपारी ठोकले. उंबऱ्यात सात. ठोकणाऱ्यांत ते दोघे होते ज्यांनी सुलूला होडीतून उचलून काठावर आणलं होतं. पारूकाकी पंधरा दिवस त्या खिळ्यांवरून टोपली घेऊन जात-येत राहिली. तिचे मासे कुणी घेईना. मग तिनं वेंगुर्ल्याकडे भावाकडे जायचं ठरवलं. आईला कळलं तेव्हा आम्ही दोघी एसटी थांब्यावर गेलो. तिथे आणखी कुणी आलं नव्हतं. आईनं भाजलेले सुके बांगडे आणि तांदळाचं पीठ बांधून दिलं होतं. पारूकाकीनं ते घेतलं. बोचकं बांधताना तिनं छबूला माझ्याकडे दिलं. मी तिला इतक्या जवळ कधी घेतलं नव्हतं. जड होती, अंगाला खोबरेल तेलाचा वास होता. बस आली. पारूकाकी चढली, खिडकीशी बसली आणि मला म्हणाली, "तू इलंस तां बरां केलंस. आधी लिवक नको होतां." मी मान हलवली. आणखी काय करणार होते?

त्यानंतर कोळणी आमच्या दाराशी थांबेनाशा झाल्या. भीतीनं की रागानं, ते आईनं विचारलं नाही. ती स्वतः रापण ओढतात तिथे किनाऱ्यावर चालत जाऊन मासे आणू लागली. बाबांना ताज्या माशाची चव कमी झाल्यासारखी वाटे, असं ते म्हणत. महिन्याभरात त्यांनी नवी कथा लिहायला घेतली. एक अळवंतीण एका मुलीच्या हातून आपली गोष्ट लिहून घेते. "तातूनी सुचवलं ते विलक्षण आहे," ते मला म्हणाले आणि वही पुढे केली. "उद्यापर्यंत उतरव."

"मी नाही उतरवणार," मी म्हणाले.

"मग कोण उतरवणार?"

"तुमचं तुम्ही."

आडाळ्याचा आवाज थांबला होता. बाबांनी आईकडे पाहिलं, आईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी ती कथा मालवणला टंकलेखकाकडून करून घेतली. ती छापून आली आणि त्यांची सगळ्यात गाजलेली कथा ठरली. वाचकांची पत्रं यायची. एकानं विचारलं होतं की ती लिहिणारी मुलगी पुढे जिवंत राहिली का. बाबांनी त्याला उत्तर लिहिलं नाही, कारण त्यांच्या अक्षरात ते कुणाला वाचता आलं नसतं. आईनं त्यानंतर त्यांना एकही भूत दिलं नाही. त्यांनी विचारलं की ती म्हणे, "विसारलंय." मी ओरोसला नोकरीला लागले, सरकारी वसाहतीत राहिले, आणि तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज सुंदर अक्षरात नोंदवले. निवृत्त झाल्यावर आचऱ्याच्या घरी परतले. लग्न केलं नाही. त्याचा या गोष्टीशी संबंध जोडणारे लोक आहेत, त्यांना जोडू दे.

गेल्या वर्षी एक तरुण मला शोधत आचऱ्याला आला. टोपी उलटी घातलेला, मोबाईलसाठी भुतांच्या मालिका बनवणारा. देवबागला कुठल्यातरी घरगुती निवासात उतरला होता. तिथे पाहुण्यांना संध्याकाळी होडीतून फिरवताना 'लिहून घेणारी अळवंतीण' सांगतात म्हणे. वेगळी रक्कम घेऊन. त्यानं मला ती गोष्ट उत्साहानं सांगितली. ती आता पांढरी साडी नेसते, डोळे लाल आहेत, रक्त पिते, तिची बोटं शाईची आहेत, आणि हल्ली ती मोबाईलवर स्वतःहून संदेश पाठवते. उलटे पाय त्यानं काढून टाकले होते, कारण चित्रीकरणाला अवघड जातात. दातांत फट नव्हती. शीळ नव्हती. खळगा होता, पण तो आता छातीत होता. मी शेवटपर्यंत ऐकलं. सुलूचं त्यात काही उरलं नव्हतं आणि ते ऐकून मला हायसं वाटलं. इतकी वर्षं ज्यांना तुच्छ लेखलं, त्यांनीच तिला हळूहळू त्यातून सोडवलं होतं. मी ते केलं नव्हतं.

"आजी, यात खरं काही आहे का?" त्यानं विचारलं आणि मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. "एखादा अनुभव?"

"आहे," मी म्हणाले. "सुलोचना नावाची एक मुलगी होती. तिला बेडकांची फार भीती वाटायची. पावसाळ्यात न्हाणीत जायच्या आधी ती मला पुढे पाठवायची, आणि मी 'नाही गो' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही. एकदा आत बेडूक दिसत असूनही मी मुद्दामच 'नाही' म्हटलं, तर ती ओल्या केसांनी अंगणभर पळाली."

तो म्हणाला, "नाही, म्हणजे... भीतीदायक असं काही?" त्यानं मोबाईल खाली केला आणि चित्रीकरण बंद केलं.

मी बोलणं थांबवलं नाही. तो सभ्य घरातला असावा, उठता येईना म्हणून बसून राहिला. त्या दुपारी मी त्याला ती तिसऱ्या कशा वेचायची ते सांगितलं, कुठलं गाणं चुकीचं म्हणायची ते सांगितलं, लग्नाच्या दिवशी हिरव्या बांगड्या मनगटात घट्ट झाल्या म्हणून कशी चिडली होती ते सांगितलं. सूर्य माडांच्या मागे गेला तेव्हा तो म्हणाला, "आजी, माझी शेवटची बस आहे," आणि मी त्याला जाऊ दिलं.